एकाच आठवड्यात दोनदा चंदगड

पुतण्याने मला हा ब्लॉग उघडून दिला तेव्हा तो म्हणाला, "काका, फिरायला गेलेलं लिवा. लोक तेच वाचत्यात." मी म्हटलं, मी कुठे फिरतो? पेठ वडगावजवळच्या खेड्यात शाळा झाली, मग कोल्हापुरात आलो आणि मंगळवार पेठेत भांड्यांवर नावं घालायच्या धंद्यात तीस वर्षं बसून आहे. आधी छिन्नी-हातोडी होती, आता विजेचं पेन आहे, बैठक तीच. पण दोन हजार सातच्या थंडीत मी एकाच आठवड्यात दोनदा चंदगडला गेलो होतो. त्यातली पहिली खेप मला जवळजवळ आठवत नाही. म्हणून दुसरी लिहितो.

पहिल्या खेपेचं कारण साधं होतं. चंदगडपासून दोन-तीन किलोमीटरवरच्या वाडीत गावडे नावाच्या शेतकऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. भांडी त्यांनी कोल्हापुरातून आधीच नेली होती आणि नावं घालायची राहिली होती. गावडे मामा म्हणाले, "भांडी परत आणन्यापरास तुमीच मशीन घेऊन या की. जेवान, ऱ्हानं समदं आमच्याकडं." त्याच घरी गाद्या भरायला दस्तगीरला बोलावलं होतं. दस्तगीर पिंजारी माझा शेजारी. आमच्या दुकानांमध्ये एक भिंत आहे आणि तीही अर्धीच. आम्ही सोमवारी गेलो, मुक्काम केला, मंगळवारी दिवसभर काम उरकून संध्याकाळच्या गाडीने परत निघालो.

बुधवारी सकाळी अंघोळ करून पूजेला बसलो. आम्ही लिंगायत. जन्मल्यावर स्वामी येऊन बाळाला लिंग बांधतात. चांदीच्या छोट्या करंडीत, शिवदोऱ्याला बांधलेलं ते इष्टलिंग मग जन्मभर अंगावर राहतं. रोज अंघोळीनंतर ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी, विभूती, बेलाचं पान वाहायचं आणि थोडा वेळ नुसतं त्याच्याकडे बघत बसायचं. माणूस गेला की ते त्याच्याबरोबरच मातीत जातं. माझ्या गळ्यातलं आईच्या मांडीवर असताना बांधलेलं. आई जाऊन बावीस वर्षं झाली.

हात गळ्याकडे गेला. गळ्यात दोरा नव्हता.

आधी वाटलं, स्वेटरमध्ये अडकला असेल. स्वेटर झटकला, गादी उलटी केली, न्हाणीत बघितलं. बायको, सुशीला, स्वयंपाकघरातून आली. तिने सगळं बघितलं आणि शांतपणे एकच विचारलं.

"काल पूजा कुठं केलासा?"

"गावडेंच्या घरी."

"घरात कुठं? म्होरं सोप्यात का मागं परड्यात? तवा हुतं का न्हवतं?"

मला सांगता येईना. मंगळवारी मी पूजा केली असणार. रोज करतो म्हणजे केलीच असणार. पण तळहातावर लिंग होतं का, पाणी गार होतं का कोमट, समोर भिंत होती का झाड, यातलं काही डोळ्यांपुढे येईना. मग सोमवारची आठवून बघितली. मग रविवारची. जाणतेपणीच्या पस्तीस वर्षांत बारा-तेरा हजार वेळा पूजा केली असेल आणि त्यातली एक सुद्धा मला नीट आठवत नव्हती. हरवलं ते वाईट झालंच. पण कधीपासून नाही हेच मला माहीत नव्हतं, ते जास्त लागलं. चहा मात्र सुशीलेनेही सोडला.

गावडेंच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या दुकानदाराचा नंबर होता, तो दिवसभर लावला, लागला नाही. दुकान बंद ठेवून मी मठात गेलो. आमचे स्वामी वयस्कर आहेत, बोलायला तिखट.

"नवं बांधता येतंय की," ते म्हणाले. "शास्त्रात त्याची सोय हाय. पन आधी शोधून ये जा. न शोधता नवं घेतलास तर तेबी असंच हरवशील."

मी विचारलं, सापडेपर्यंत अन्न सोडू का? आमच्यातले जुने लोक पाणीसुद्धा घेत नसत.

"दूध घे, केळं खा. गाडीत चक्कर येऊन पडलास तर लिंग शोधायचं का तुला शोधायचं लोकांनी?"

दुकानाशी आलो तर दस्तगीर कापूस बाजूला सारून उभाच होता. सुशीलेने त्याला सांगितलं होतं. "उद्या पयल्या गाडीनं जायचं," तो म्हणाला. मी म्हटलं, तू कशाला तुझा धंदा बुडवतोस. तर म्हणाला, "आवं अण्णा, तुमी एकटं जाऊन काय शोधनार? तुमी तर गेलताच न्हाई की चंदगडला. मी गेलतो."

तेव्हा मला ते नुसतं टोचलं. खरं किती होतं ते गाडीत बसल्यावर कळलं.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी सांगतो. कोल्हापूरच्या मध्यवर्ती स्टँडवरून चंदगडला थेट लाल गाडी मिळते. कागल, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, नेसरी करत ती चार तास घेते. तिकीट तेव्हा सत्तरच्या आत-बाहेर होतं. सकाळची गाडी धरावी, कारण दुपारनंतरच्या गाड्या शाळा-कॉलेजच्या पोरांनी भरतात. उजव्या बाजूची खिडकी घेतली तर सकाळचं ऊन चुकतं. हे सगळं दस्तगीरचं ज्ञान. सोमवारी मी कुठल्या बाजूला बसलो होतो असं विचारलं तर म्हणाला, "डाव्या. कागलपातूर तोंडावर ऊन आलं तरी डोळं मिटलं न्हाईसा. पोराच्या कालेजची फी मोजत हुतासा, बोटं हालत हुती."

खरं होतं. मुलाला इंजिनिअरिंगला घालायचं होतं आणि सोमवारचे चार तास मी त्या कॉलेजात काढले होते, जिथे त्याला अजून प्रवेशही मिळाला नव्हता.

गाडी हलायच्या आधी मी कंडक्टरला विचारून आसनांखाली वाकून बघितलं. ही ती गाडी नव्हे हे मलाही कळत होतं. कंडक्टर म्हणाला, "पावणं, काय पडलंय?" मी सांगितलं. त्याने स्वतः मागच्या बाकाखाली बॅटरी मारली. काही नव्हतं. डेपोत जमा झालेल्या वस्तूंच्या वहीत परत येताना विचारा, असं त्याने सांगितलं. हेही लक्षात ठेवा. गाडीत काही राहिलं तर बऱ्याचदा ते डेपोत पोचतं, विचारायला कुणी जात नाही.

निपाणी आली. तंबाखूच्या वखारींचा वास गाडीत शिरला आणि पुढच्या बाकावरच्या बाईने पदर नाकाला लावला. पाट्या कानडीत सुरू झाल्या. तवंदीचा घाट चढताना इंजिनाचा आवाज बदलतो, तो मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, असं म्हणायला हरकत नाही. संकेश्वरच्या अलीकडे शेतात मिरच्या वाळत टाकल्या होत्या. एका खळ्यावर दोन बायका अनवाणी पायांनी मिरच्या परतत होत्या, पायाच्या अंगठ्याने, ओळीने, जसं आपण पानं उलटतो तशा.

"ह्या सोमवारी हुत्या?" मी विचारलं.

"हुत्या की. मी तुमास्नी दावल्या बी. तुमी 'व्हय व्हय' म्हनलासा."

पोटात सकाळपासून एक केळं आणि कपभर दूध. भूक लागली की माणसाला वास लांबून येतात हे मला ठाऊक नव्हतं. गडहिंग्लजच्या स्टँडवर गाडी वीस मिनिटं थांबते. तिथल्या कँटीनच्या कढईत भजी पडत होती आणि मला तेलाचा वास वेगळा, बेसनाचा वेगळा, ओव्याचा वेगळा येत होता. सोमवारी आपण इथे काय खाल्लं, असं मी विचारलं.

"दोन प्लेट भजी. दुसरी माझी हुती."

कँटीनमालकाकडे चौकशी केली, नळाच्या कोंडाळ्याशी बघितलं, कंट्रोलरच्या खिडकीत विचारलं. कुठेच काही नाही. कंट्रोलर म्हणाला, "किती रुपायाचं हुतं?" चांदी किती असणार, शे-दोनशेची. तेवढ्यासाठी कुणी कोल्हापूरहून येतं का, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी समजावत बसलो नाही.

स्टँडच्या मागे एका झाडाखाली दस्तगीरने खांद्यावरचा रुमाल अंथरला आणि सकाळची घाईत राहिलेली नमाज पढून घेतली. मी पिशवी धरून उभा. मागून एक जीप सारखा हॉर्न वाजवत होती. त्याची मान हलली नाही. परत आल्यावर मी म्हटलं, "तुला बरं जमतं. माझं ध्यान लिंगावरनं कधी कॉलेजात जातं ते कळत पण नाही."

तो हसायला लागला. "कुठलं जमतंय. आत्ताच बघा, सजद्यात हुतो आनि गावडेकडची कापसाची राहिलेली गोनी डोक्यात आली. सरकीचा का रुईचा, तेबी आलं. मग परत आनलं ध्यान. परत गेलं, परत आनलं. तेवढंच तर काम असतंय ओ. ज्याचं ध्यान जातच न्हाई त्याला नमाज कशाला पायजे?"

गाडीने हॉर्न दिला म्हणून बोलणं तिथेच राहिलं. पण नेसरीपर्यंत मी त्याच्यावरच विचार करत होतो. मग लक्षात आलं की त्यावर विचार करण्यातही खिडकीबाहेरचं सगळं सुटलंच आहे. तेव्हा बाहेर बघितलं.

नेसरीच्या पुढे मुलूख बदलतो. ऊस कमी होतो, लाल माती वर येते, काजूची बुटकी झाडं टेकड्यांवर दिसायला लागतात. भात कापून झालं होतं आणि खाचरांत नुसते बुडखे राहिले होते, त्यांत बगळे. हवा गार आणि ओलसर. पावसाळ्यात इकडे महिना-महिना ऊन दिसत नाही म्हणतात. थंडीत यावं. एका थांब्यावर एक म्हातारी चढली, ड्रायव्हरला कानडीत काहीतरी बोलली, मला मराठीत म्हणाली, "सरक रं तम्मा," आणि मांडीवर कोंबडी घेऊन बसली. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. एकोणपन्नासाव्या वर्षी मला कुणी धाकटा म्हणेल असं वाटलं नव्हतं. मी सरकलो. चंदगडपर्यंत कोंबडी माझ्याकडे एका डोळ्याने बघत होती.

तिथून वाडीपर्यंत चालत. वाटेत रवळनाथाचं देऊळ लागतं. पायरीशी थांबल्यावर मला पहिल्या खेपेतली एक गोष्ट आपोआप आठवली, तीही त्या दोन दिवसांतली एकच. मंगळवारी परतताना इथेच मी पाया पडलो होतो. सवयीने हात छातीवरच्या करंडीकडे गेला होता, स्वेटरला लागला होता आणि परत आला होता. हाताला कळलं होतं. मला कळलं नव्हतं.

"म्हणजे इथं आलो तेव्हाच नव्हतं," मी दस्तगीरला म्हटलं.

"मग घरातच हाय," तो म्हणाला. "चला. आता मी सांगतो तसं करू. तुमी मंगळवारी न्हालासा परड्यात, गोठ्याच्या अंगाला. पाणी कडकडीत हुतं, तुमी गार मागून घेतलासा. मग सोप्यात बसलासा पूजंला. तवर नवरीची आत्या नावांचा कागद घेऊन आली. तुमी उठलासा."

"पूजा अर्धी टाकून?"

"आता ते मी काय सांगू? मी कापूस पिंजत हुतो. उठताना डाव्या हाताची मूठ झाकल्याली हुती एवढं बघितलं. खाली तर तुमी ठेवनार न्हाईसा."

खाली ठेवणार नाही, हे नक्की. लिंग जमिनीवर ठेवत नाहीत. मग मी ते कशावर ठेवलं? सोप्यात तेव्हा एकच गोष्ट पसरली होती. नवी भांडी.

वाडीत शिरलो तर मांडव उभा राहिला होता. लग्न दुसऱ्या दिवशी. अंगणात चुली पेटल्या होत्या, कुणीतरी नारळ सोलत होतं. सोप्यात भांड्यांचा एक तुकडा नव्हता. गावडे मामांनी सांगितलं, सगळी भांडी पेटीत भरून, पेटीला कुलूप लावून, टेम्पोतून सकाळीच नवऱ्यामुलाकडे पोचवली. रुखवताचं तेवढं मागे ठेवलं होतं.

मी सोप्याच्या पायरीवर बसलो. एकावन्न भांडी होती, ती सगळी माझ्या हाताखालून गेली होती. त्यातल्या एकात माझ्या आईच्या वेळचं लिंग, आणि ते कुलपात बंद होऊन परक्या गावाला गेलं. दुसऱ्याच्या लग्नघरी, आदल्या दिवशी, पाठवलेली पेटी परत आणून उघडा असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? दस्तगीर मामांना काहीतरी सांगत होता. मामा म्हणत होते, "आवं पन आमची पोरगी तर..." आणि त्यांनी आत बघून हाक मारली, "रेखा, ए रेखा. हिकडं ये."

नवरी बाहेर आली. हळद लागलेली, हातात हिरवा चुडा. तिने मला बघितलं आणि म्हणाली, "चिठ्ठी मिळाली काका? येवड्या लवकर?"

"कसली चिठ्ठी?"

"सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडं दिली की. मंगळवार पेठेत नावं घालनारे, म्हनून. कालपासनं चंदगडच्या बूथवरनं दुकानात फोन लावतोय, कोन उचलंना." आणि मग तिच्या लक्षात आलं. "म्हंजे तुमी आपलं आपनच आलासा? मग आत या आधी."

तिने मला देवघरात नेलं. देव्हाऱ्यात डाव्या बाजूला, तांदळाच्या छोट्या राशीवर, शिवदोऱ्याची गुंडाळी करून माझी करंडी ठेवली होती. वर एक तगरीचं ताजं फूल.

"मंगळवारी रात्री भांडी भरताना सापडलं," ती म्हणाली. "हळदीचा लहान डबा हाय न्हवं, झाकनाचा, त्यात. आजी म्हनाली, ह्ये कुनाच्यातरी अंगावरचं लिंग हाय, भुईला ठेवू नगा. मग मी रोज फूल घातलं. दोन दिवस झालं. मला पूजा कशी ते म्हाईत न्हाई, नुसतं फूल घातलं आन जरा वेळ बसले."

तिने करंडी उचलून माझ्या हातात दिली. दोन्ही हातांनी, जसा प्रसाद देतात तशी.

"कसं सापडलं?" मी विचारलं.

"पेटीत घालताना डबा हालला, तर आत आवाज आला." आणि मग तिने अगदी सहज विचारलं, हिणवायला नव्हे, "काका, त्या डब्यावर नाव तुमीच घातलं की. घालताना आवाज आला न्हाई तुमास्नी?"

विजेचं पेन चालतं तेव्हा भांडं थरथरतं. रिकामं वेगळं वाजतं, भरलेलं वेगळं. हे मला तीस वर्षं माहीत आहे. मी त्या डब्यावर तिचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, गाव, सगळं घातलं होतं. आत माझंच लिंग वाजत होतं आणि मी फी मोजत होतो.

"नाही आला," मी म्हटलं.

परड्यात जाऊन हातपाय धुतले. पाणी गार होतं. गोठ्यात एक काळी म्हैस आणि तिचं पारडू होतं, समोर फणसाचं झाड, त्याच्या बुंध्याला बांधलेला दोर. सोप्यात पाट मांडून बसलो. रेखाच्या आजीने तांब्यात पाणी आणि दारातल्या बेलाचं पान आणून दिलं. लिंग तळहातावर घेतलं. ते मला वाटायचं त्यापेक्षा जड होतं. ध्यान गेलं, चुलीच्या धुराकडे, परतीच्या गाडीकडे, सुशीला काय म्हणेल याच्याकडे. परत आणलं. किती वेळा ते मोजलं नाही.

मग जेवलो. घनसाळ तांदळाचा भात, कुळथाची आमटी, वालाची भाजी. दोन दिवसांनी पोटात पडलेलं अन्न. घनसाळचा वास ताट पुढे येण्याआधीच येतो. आमटीत कोकम होतं, खोबरं होतं आणि काळ्या मिरीचा एक दाणा होता, तो दाताखाली आला. चंदगडला गेलात तर हा तांदूळ घरी न्यायला विसरू नका. बाजाराच्या दिवशी स्टँडजवळ मिळतो, आणि काजूगर कारखान्यातून घ्यावेत, तुकडा काजू निम्म्या भावात पडतो. वाढणारी आत्या म्हणाली, "पावणं, येवडं हळू जेवतासा, भात आवडला न्हाई का?" दस्तगीर मला म्हणाला, "उपाशी हुतासा ते सांगू नगा. सांगितलासा तर रडतीला."

लग्नाला थांबायचा आग्रह झाला, पण सुशीला घरी उपाशी होती. निघताना गावडे मामांनी पिशवीत तांदूळ घातला, नको म्हटलं तरी. शेजारच्या दुकानदाराचा फोन तेवढ्यात सुरू झाला होता. घरी लावला. "सापडलं," मी म्हटलं. पलीकडून सुशीला म्हणाली, "कुठं हुतं?"

"डब्यात."

"तुमीच ठेवलं हुतासा?"

"हो."

"बरं. मी चहा घेते आता."

परतीच्या गाडीतही उजव्याच खिडकीशी बसलो, दुपारनंतर येताना ऊन डावीकडून येतं. दस्तगीर झोपला. संकेश्वरजवळच्या खळ्यावर मिरच्या गोळा करून ताडपत्रीखाली झाकल्या होत्या, बायका घरी गेल्या होत्या.

शनिवारी मठात गेलो. स्वामींनी करंडी हातात घेऊन बघितली आणि परत दिली. "कुठं सापडलं?" मी सगळं सांगितलं. रेखाने रोज फूल घातलं तेही सांगितलं. ते म्हणाले, "मग तुझ्यापरीस त्या पोरीनं दोन दिस बरी पूजा केली की." एवढंच.

याला आता दोन वर्षं होत आली. मुलगा कॉलेजात आहे. पूजेत ध्यान अजून जातं, कधी कधी सगळीच पूजा जाते आणि विभूती लावून झाल्यावर कळतं. तेव्हा परत पहिल्यापासून बसतो. सुशीला दुकानाचा डबा हातात धरून वाट बघते, रागवत नाही.

दुकानात एक बदल झाला. नाव घालायच्या आधी मी आता प्रत्येक भांडं उघडून आत बघतो, मग बोटाने एक टिचकी मारून ऐकतो. गिऱ्हाईक विचारतं, "काय बघतासा अण्णा? नवं कोरं हाय की." अर्ध्या भिंतीपलीकडून दस्तगीर ओरडतो, "बघू द्या त्यास्नी. एकदा सापडलंय."